ताण कोपऱ्यावर : शेळ्यांच्या तारकुंपणाचे गणित

शेळी रोज कुंपण तपासते. सकाळी गोठ्यातून सुटली की आधी ती जाळीला मान घासते, मग बरगडी घासत चार पावले चालते आणि जाळी जिथे हलली तिथे थांबते. तिथे पुढचे दोन्ही पाय जाळीवर टाकून ती मागच्या पायांवर उभी राहते. गाय मान खाली घालून गवत खाते. शेळीला मान वर करून पाला ओरबाडायची जन्माची सवय, त्यामुळे उभ्या जाळीवर पाय देणे तिला झाडावर पाय देण्याइतकेच सहज वाटते. तीस-पस्तीस किलोच्या दोन-तीन शेळ्या रोज एकाच जागी उभ्या राहू लागल्या की महिन्याभरात तिथे जाळीची झोळी होते. मग एक शेळी बाहेर पडते आणि तिच्यामागे सगळा कळप.

मेढ्याच्या परिसरात याची किंमत मोठी आहे. जावळी तालुक्याचे हे मुख्य गाव वेण्णा नदीच्या काठी वसले आहे. वर केळघरचा घाट आणि महाबळेश्वर, खाली कण्हेर धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला कासचे पठार आणि त्यापलीकडे कोयनेचे जंगल. शिवार म्हणजे डोंगरउतारावरच्या ताली. वरच्या तालीत आपली शेळी, खालच्या तालीत शेजाऱ्याचे भात, नाचणी नाहीतर स्ट्रॉबेरी. शेळीला एक उडी पुरते आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालण्याची तरतूद करणारा गुरे अतिक्रमण अधिनियम 1871 सालचा आहे आणि त्यात शेळ्या-करडेही येतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही हे भांडण सरकारदरबारी पोचलेले होते.

पूर्वी या भांडणावर राखणीचा उपाय होता. घरातले म्हातारे माणूस नाहीतर शाळा सुटलेले पोर शेळ्यांमागे जाई. जावळीत घरटी एकदोन माणसे मुंबईला माथाडीत, गोदीत, गिरणीत गेली. मागे राहिलेल्यांना शेतीच पुरी होत नाही, तिथे दिवसभर शेळ्यांमागे कोण फिरणार? पोरांनी शाळेत जावे हे तर बरेच झाले. राखणीला माणूस उरला नाही, म्हणून बंदिस्त आणि अर्धबंदिस्त शेळीपालन वाढले आणि त्याबरोबर तारेच्या कुंपणाची गरजही.

यात पैसा खर्च होतो आणि बऱ्याचदा वाया जातो. कारण खर्च होतो तारेवर, आणि कुंपण पडते कोपऱ्यात. या लेखाचे सांगणे एवढेच आहे. ते का खरे आहे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे.

वईपासून तारेपर्यंत

कुंपण आपल्याकडे नवे नाही. करवंदाच्या जाळ्या, घायपात, निवडुंग, बाभळीच्या शिऱ्या यांची वई शेताभोवती असायचीच. माण-खटावकडून दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जाणारे धनगर रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात. दोरीची ही जाळी खुंट्यांवर उभी राहते आणि सकाळी गुंडाळून घोड्यावर जाते. तिच्यात ताण फारसा नसतो. मेंढरू दाटीवाटीने बसते, जाळीवर चढत नाही, म्हणून तेवढ्यावर भागते.

तारेचे कुंपण जगभर पसरले ते काटेरी तारेमुळे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला 1874 साली त्याच्या काटेरी तारेचे पेटंट मिळाले. लाकूड नसलेल्या विस्तीर्ण गवताळ मुलखात स्वस्तात गुरे अडवण्याची सोय त्यातून झाली. पण ही तार गाईबैलांसाठी होती. गाय काटा टोचला की मागे सरते. शेळी मात्र दोन तारांमधली फट बघून डोके घालते आणि काटा टोचला तरी पुढेच रेटते. यात कास फाटते, कान चिरतात. पावसाळ्यात त्या जखमेवर माश्या बसल्या की अळ्या पडतात, आणि गंजक्या तारेच्या जखमेतून धनुर्वाताची भीती वेगळीच. शेळ्यांच्या अंगाला लागेल अशा उंचीवर काटेरी तार नको. लावायचीच असेल तर सगळ्यात वर, बाहेरच्या अंगाला, कुत्र्यांसाठी आणि माणसांसाठी.

मग शेळीला कोणती जाळी? बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिली चेनलिंक, म्हणजे नागमोडी तारा एकमेकींत गुंफून केलेली हिऱ्याच्या आकाराच्या भोकांची जाळी. दुसरी गाठींची जाळी, आडव्या-उभ्या तारा गाठींनी बांधलेली. तिसरी वेल्डमेश, तारा एकमेकींवर ठेवून डाग दिलेली. वेल्डमेश दिसायला नीटस आणि सोपी, पण शेळी वर उभी राहिली की हलक्या मालाचे डाग एकेक करून सुटतात. गोठ्याच्या खिडकीला किंवा करडांच्या कप्प्याला ती ठीक आहे, मोकळ्या आवारासाठी पहिल्या दोघींपैकी एक घ्यावी.

भोकाच्या मापाकडे लक्ष हवे. सहा इंची चौकोनात शिंगवाल्या शेळीचे डोके आत जाते आणि मागे वळलेल्या शिंगांमुळे बाहेर येत नाही. अशी अडकलेली शेळी ओरडत राहते, आणि तो आवाज कुत्र्यांना लांबून कळतो. तीन इंची चेनलिंकमध्ये मोठ्या शेळीचे डोके जात नाही. लहान करडांसाठी खालच्या दीड-दोन फुटांत आणखी बारीक जाळी लावलेली बरी. उंची निदान 4 फूट, आणि उड्या मारणारा कळप असेल तर 5 फूट.

तार विकत घेताना वजन करून घ्यावी. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते. 10 गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाडीची आणि किलोला सुमारे 15 मीटर भरते. 12 गेजची 2.6 मिलिमीटरची तार किलोला सुमारे 23 मीटर, आणि 14 गेजची 2 मिलिमीटरची सुमारे 39 मीटर. 12 गेज म्हणून घेतलेली तार किलोला तीस मीटर भरली, तर ती 12 गेजची नव्हे. चेनलिंकसाठी आयएस 2721 आणि काटेरी तारेसाठी आयएस 278 ही भारतीय मानके आहेत. त्यांचा शिक्का असलेला माल महाग पडतो, पण मेढ्याच्या पावसात फरक दिसतो. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून आतल्या लोखंडाला वाचवतो. तो जितका जाड, तितकी तार गंजायला उशीर.

ताणाचे साधे गणित

आता मुख्य गोष्ट. तार ताणायची म्हणजे नेमके काय करायचे, आणि किती?

दोन खांबांमध्ये 3 मीटर अंतर धरू. तारेत 60 किलोचा ताण आहे आणि शेळीने मधोमध 10 किलोच्या जोराने रेटले. तार सुमारे साडेबारा सेंटिमीटर बाजूला सरकते. ताण 20 किलोवर आला असेल, तर त्याच रेट्याला ती 37 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फूट सरकते. एवढ्या जागेतून नुसती शेळीच काय, बोकडही निघून जातो. खांब 2 मीटरवर असतील, तर 60 किलोच्या ताणाला सरक फक्त आठ सेंटिमीटर. म्हणून शेळीच्या कुंपणात खांब एकमेकांपासून 8 फुटांपेक्षा लांब नसावेत.

याच हिशेबाने ताण मोजताही येतो. जाळी बांधण्याआधी मोकळ्या तारेला मधोमध लटकता काटा अडकवून आडवे ओढावे. 10 किलोला तार किती सरकली ते पट्टीने बघावे. ओढ गुणिले खांबांमधले अंतर, भागिले सरकेची चौपट, हा ताण. 10 किलो, 300 सेंटिमीटर आणि साडेबारा सेंटिमीटर घातले की उत्तर 60 येते. तार वाजवून आवाजावर ताण सांगणारे कसलेले गवंडी असतात, पण नव्या माणसाला काटा आणि पट्टी पुरे.

60 किलोच का? बाजारात मिळणारी साधी मऊ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार 12 गेजची असेल तर दोनशे किलोच्या आसपास तुटते, आणि त्याच्या बऱ्याच आधी कायमची लांबते. एकदा अशी लांबलेली तार परत आखूड होत नाही. शिवाय थंडीचा हिशेब धरावा लागतो. पोलाद तापले की लांबते आणि गारठले की आखडते. मेच्या दुपारी उन्हात तापलेली तार आणि जानेवारीच्या पहाटेची तार यांच्यात तीस-पस्तीस अंशांचा फरक सहज पडतो. 30 अंशांच्या फरकाने 12 गेजच्या तारेतला ताण सुमारे 40 किलोने बदलतो. म्हणजे भर उन्हाळ्याच्या दुपारी 60 किलोवर बांधलेली तार थंडीत 100 किलोवर जाते. उलट कडाक्याच्या थंडीत पहाटे 60 किलोवर बांधली, तर मेमध्ये ती 20 किलोवर येते, आणि 20 किलोला सव्वा फुटाची फट पडते हे वर पाहिलेच. म्हणून तार ताणायचे काम थंडीतल्या सकाळी नऊ-दहानंतर, ऊन अंगाला बरे वाटू लागल्यावर करावे.

आता या गणितातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. 100 मीटर लांबीची 12 गेजची तार 60 किलोने ताणली, तर ती लांबते फक्त साडेपाच सेंटिमीटर. सगळा ताण एवढ्या लांबण्यात साठलेला असतो. दोन्ही टोकांचे खांब एकेक इंच आत झुकले की पाच सेंटिमीटर गेले, आणि ताण जवळजवळ संपला. तार तीच, जाळी तीच, मधले खांब ओळंब्यात उभे. तरी कुंपण ढिले.

आवार लहान असेल तर चूक आणखी महाग पडते. 30 मीटरच्या बाजूला तीच तार जेमतेम 16 मिलिमीटर लांबते. तिथे दोन्ही कोपरे बोटाच्या अर्ध्या रुंदीइतके हलले तरी ताण गेला. अनेकांना वाटते की चार शेळ्यांच्या छोट्या आवाराला खांब कसेही पुरले तरी चालतात. गणित उलटे सांगते. आवार जितके लहान, तितके कोपरे पक्के हवेत.

लहान आवाराला चेनलिंक सोयीची पडते तीही याच कारणाने. तिची नागमोडी तार स्प्रिंगसारखी लांबते-आखडते, थोडी सूट स्वतःच सामावून घेते. गाठींच्या जाळीतही आडव्या तारांना मुद्दाम वळ्या दिलेल्या असतात. जाळी ओढताना या वळ्या साधारण निम्म्या सरळ होईपर्यंतच ओढायच्या. पूर्ण सपाट केल्या की जाळीचे लवचीकपण गेले.

कोपऱ्याचा खांब

तीन आडव्या तारांना प्रत्येकी 60 किलो म्हणजे एका बाजूकडून 180 किलोची ओढ. कोपऱ्यात दोन बाजू मिळतात. ही ओढ रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालू असते. मधल्या खांबांना यातले फारसे काही सोसावे लागत नाही, ते फक्त तार उभी धरतात. म्हणून मधल्या खांबांत आणि कोपऱ्याच्या खांबात फरक करायला हवा.

मधल्या 7 फुटी सिमेंट पोलला दीड ते दोन फुटांचा खड्डा पुरतो. कोपऱ्यासाठी जाड पोल नाहीतर जाड लोखंडी अँगल घ्यावा. खड्डा 3 फूट खोल, दोन फूट लांब-रुंद आणि तळाशी थोडा जास्त रुंद करावा, म्हणजे काँक्रीटचा गठ्ठा वर उपटून येत नाही. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. वरचा थर चारही बाजूंना उताराचा करावा, नाहीतर पोलच्या बुडाशी पाणी साचते. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे आणि त्याआधी तारेला हात लावू नये. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात, तोवर थांबता आले तर उत्तम. कंत्राटी कामात इथेच घाई होते. आज खांब, उद्या तार, परवा बिल. मग पहिल्याच पावसात खांब झुकतात.

जावळीतली जमीन दोन तऱ्हेची अडचण करते. कुठे दीड फुटावर काळा कातळ लागतो, कुठे तांबडी माती खोलवर असते आणि जुलैत ती लोण्यासारखी मऊ होते. कातळ लागला तर हळहळू नये. कातळात भोक पाडून सळई बसवली आणि वर काँक्रीट केले, तर तो कोपरा सगळ्यात पक्का. मऊ मातीत मात्र खड्ड्याची खोली कमी करू नये आणि भरावात मातीऐवजी मुरूम-दगड ठेचून बसवावेत.

यानंतर टेका. कोपऱ्याच्या खांबाला प्रत्येक बाजूच्या रेषेत एकेक, असे दोन तिरपे टेके हवेत. टेका खांबाला साधारण दोन तृतीयांश उंचीवर टेकावा आणि त्याचा पाय खांबापासून निदान तेवढ्याच अंतरावर, शक्यतो त्याहून लांब, दगडावर नाहीतर काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसावा. टेका खांबाला चिकटून उभा लावला, तर तारेच्या ओढीने तो खांबाला वर उचलू लागतो. एका पावसाळ्यात खांब चार बोटे वर आलेला दिसतो आणि लोक म्हणतात जमीन फुगली. जमीन फुगलेली नसते, टेका उभा असतो.

टेका आणि शेळी यांचे आणखी एक नाते आहे. तिरपा टेका आतल्या बाजूला उघडा राहिला, तर शेळी त्यावरून चढून थेट बाहेर उडी मारते. त्यामुळे जाळी खांबांच्या आतल्या अंगाला, शेळीच्या बाजूला लावावी, म्हणजे टेके जाळीच्या पलीकडे जातात. याचा दुसरा फायदा असा, की शेळी रेटते तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. बाहेरून लावलेल्या जाळीला फक्त बांधणीच्या तारांचा आधार असतो, आणि रोजच्या रेट्याने त्या तुटतात.

ओढणी आणि बांधणी

प्रथम कोपऱ्याचे खांब, मग दोरी लावून मधले. जिथे रेषा वळते तिथे मधला खांब चालत नाही, तिथेही टेक्याचा खांब हवा. त्यानंतर वरची, मधली आणि खालची अशा तीन आडव्या तारा ताणाव्यात. चेनलिंक स्वतः लांबीला ओढली की तिची उंची कमी होते, भोके चपटी पडतात. तिची उंची धरून ठेवण्याचे काम या तारा करतात. त्या वगळून नुसती जाळी खांबाला बांधली, तर शेळीचे पाय पडताच वरची कड लोंबते.

तारेचे एक टोक कोपऱ्याच्या खांबाभोवती फिरवून स्वतःवरच चार-पाच घट्ट वेढे द्यावेत. दुसऱ्या टोकाला आटे फिरवून ताण कमी-जास्त करता येईल असा आय बोल्ट किंवा टर्नबकल बसवावा. पहार अडकवून हाताने ओढण्यापेक्षा चेनपुली किंवा तार ओढायचा रॅचेट बरा, कारण ओढ हळूहळू वाढवता येते. एक तार पूर्ण ताणून मग दुसरी घेऊ नये. बाज विणताना पुढची दोरी ओढली की मागची सैल पडते, तसेच इथे होते. दुसऱ्या तारेच्या ओढीने खांब किंचित दबतो आणि पहिलीचा ताण उतरतो. सगळ्या तारा आधी निम्म्या ताणाव्यात, मग दुसऱ्या फेरीत पूर्ण.

मधल्या खांबांवर तार करकचून आवळू नये. ती धरलेली असावी, पण पुढे-मागे सरकू शकेल अशी. शेळी एका जागी रेटते तेव्हा सगळ्या शंभर मीटर तारेने तो रेटा वाटून घ्यावा, हा ताणाचा खरा उपयोग. प्रत्येक खांबावर तार जाम केली, तर दोन खांबांमधला तुकडा एकटाच लढतो आणि कायमचा लांबतो.

जाळी ओढताना शेवटच्या भोकांमधून एक सळई ओवावी आणि चेनपुली त्या सळईला लावावी, म्हणजे ओढ वरपासून खालपर्यंत सारखी बसते. जाळी आडव्या तारांना फूट-दीड फुटावर जीआय तारेने बांधावी. सळई बांधायची काळी बाइंडिंग तार स्वस्त असते, पण इथला एकच पावसाळा ती खाऊन टाकतो. बांधणीची टोके बाहेर वळवावीत. आत राहिलेले टोक नेमके शेळीच्या डोळ्याच्या उंचीवर येते.

डोंगरउताराचे दोन नियम आहेत. चढाच्या माथ्यावरचा खांब तारेच्या ओढीने खाली दबतो, त्याची काळजी नाही. खोलगटातला खांब मात्र वर उपटला जातो. तिथे कोपऱ्यासारखाच खड्डा आणि काँक्रीट हवे. आणि खोलगटात जाळीखाली राहिलेली फट दगडांनी भरावी. मातीने भरली तर पहिल्या सरीत वाहून जाते, आणि करडू तिथूनच निघते. बाहेरच्या कडेने दगडांची हातभर रुंद पाळ रचली, तर कुत्रीही उकरत नाहीत.

ओढ्यातून जाळी आडवी नेऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये पालापाचोळा आणि फांद्या अडकून जाळीचा बांध होतो आणि पाणी दोन्हीकडचे खांब घेऊन जाते. ओढ्याच्या दोन्ही काठांवर टेक्याचे खांब उभारून कुंपण तिथेच थांबवावे. मधल्या भागात वरच्या तारेला टांगलेली, खाली मोकळी झुलणारी जाळी सोडावी. पाणी आले की ती उचलली जाते.

जंगल, शेजार आणि कुंपणाच्या मर्यादा

या जाळीने बिबट्या अडत नाही. कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि त्याच्या आसपासच्या गावांना बिबट्या नवा नाही. पाच फुटी जाळी तो सहज ओलांडतो. दिवसाचे आवार वेगळे आणि रात्रीचा गोठा वेगळा. गोठ्याला वरूनही जाळी किंवा पत्रा हवा, दाराला आतून-बाहेरून कडी हवी. तरीही शेळी मारली गेली तर जनावर जागचे न हलवता वनरक्षकाला ताबडतोब कळवावे. पंचनाम्याशिवाय नुकसानभरपाई मिळत नाही.

सौर कुंपण, म्हणजे झटका यंत्र, शेळीला चांगले कळते. सेकंदाला साधारण एक असा क्षणभराचा झटका बसतो आणि शेळी दोन दिवसांत तार ओळखते. पण पावसाळ्यात वाढलेले गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जातो, म्हणून जून ते सप्टेंबर तारेखालचे गवत सतत कापावे लागते. आणि घरातली वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे. माणसे मेली आहेत त्याने.

कुंपण जमीनही बदलते, हे मेढ्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. गर्दीपासून फुले वाचवायला तिथे लोखंडी जाळी लागली. जनावरांची चराई थांबल्याने गवत माजले आणि फुलांवर परिणाम झाला, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि ती जाळी काढण्यात आली. शेळ्यांच्या आवारात उलटे घडते. एकाच जागी कोंडलेल्या शेळ्या झुडपांची साल सोलतात, जमीन उघडी पडते आणि ओल्या आवारात जंतांचा त्रास वाढतो. म्हणून मोठे एक आवार करण्याऐवजी त्याचे तीन-चार कप्पे पाडावेत आणि कळप आळीपाळीने फिरवावा. बाहेरच्या बाजूला पाच-सहा फुटांत शेवरी, सुबाभूळ असा आवडीचा पाला लावू नये. तो दिसला की पाय जाळीवर गेलेच.

बांधाच्या मधोमध खांब रोवण्याआधी मोजणीची खूण बघावी आणि कुंपण आपल्या हद्दीत आत घ्यावे. वहिवाटीची पाणंद अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. शेजाऱ्याशी आधी बोलून घेतलेले बरे. शेवटी हे कुंपण त्याच्या भातासाठीही आहे.

हाताशी पैसे थोडे असतील, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा. आधी कोपरे, टेके आणि वळणाचे खांब. मग तीन चांगल्या आडव्या तारा आणि टर्नबकल. जाळी यंदा एका कप्प्यापुरती, उरलेली पुढच्या वर्षी. काम दिवाळीनंतर सुरू करावे, माघापर्यंत ताण पूर्ण करावा. वळवाचा पाऊस झाल्यावर आणि पुन्हा नवरात्रात कोपऱ्यांना ओळंबा लावून बघावा. खांब इंचभर झुकला असेल, तर टर्नबकल फिरवण्याआधी टेक्याचा पाय नीट करावा. झुकणाऱ्या खांबावर तार आणखी आवळली, की खांब आणखी झुकतो. पाया पक्का केलेल्या कोपऱ्यावर मात्र टर्नबकलचे चार-दोन आटे फिरवले की वर्षभराची काळजी मिटते.